जीप थोरल्याची, पुस्तक धाकट्याचं

“वहिनी, कार्बोरेटरचे नट आधी सैल करायला सांगा,” मधल्या दगडी गडग्यापलीकडून दिनकरने पुस्तकात बघून सांगितलं.

जीपच्या बॉनेटखाली डोकं घातलेला थोरला त्याच्यापासून चार पावलांवर होता. तरी तो बायकोला म्हणाला, “सांग त्याला, केले.”

वाटणीत जीप थोरल्याला आली आणि तिच्या दुरुस्तीचं कंपनीचं जाडजूड पुस्तक धाकट्याच्या कपाटात राहिलं. तेव्हापासून भावाभावांची बोलचाल बंद होती. आठवडाभर जीप अंगणात बंद पडलेली बघून आज सकाळी दिनकर आपणहून पुस्तक घेऊन गडग्याशी येऊन उभा राहिला होता. बोलावलं कुणीच नव्हतं.

इंदूवहिनीने थोडा वेळ निरोप इकडचे तिकडे केले. मग भात करपल्याचा वास आला, म्हणून ती आत पळाली. बाहेर मात्र तिच्यावाचून काही अडलं नाही.

“वहिनी, आता जेट काढून त्यात फुंकर मारायला सांगा.”

“सांग त्याला, कचरा निघाला.”

ती उभी होती त्या रिकाम्या जागी दोघे इमानेइतबारे निरोप ठेवत राहिले.

दुपारी जीप धडधडत सुरू झाली. दिनकरने पुस्तक मिटलं. इंदू दाराशी येऊन बघू लागली. नवऱ्याने इंजिन बंद केलं, उगाच बराच वेळ फडक्याला हात पुसले, आणि गडग्याकडे न बघताच म्हणाला,

“ब्रेकचं पान काढ, दिन्या.”

ब्रेक गेल्याच महिन्यात तालुक्याच्या गॅरेजात नवे बसवले होते. इंदू आत तिसरं ताट घ्यायला वळली.