दंडावरचा पट्टा

पट्टा दंडावर आवळत गेला, मग फुसकन सैल झाला आणि आकडा आला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.

"वा काका! जिंकलात की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छापखान्याचा निवृत्त फोरमन छाती फुगवून बसला. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको होती, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

प्रेशर खोटं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. चार-चार गोळ्यांना ते दाद देत नव्हतं. शेवटी तीन महिन्यांपूर्वी जांघेतून एक बारीक नळी मूत्रपिंडांच्या धमन्यांपर्यंत नेली आणि धमन्यांभोवतीच्या नसा जाळल्या. या नसा उगाच आरडाओरडा करून प्रेशर चढवतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. तेवढा वेळ बायको दाराबाहेर उभीच होती. बसवेचना तिला. नवरा होता तो तिचा, जीव टांगणीला लागणारच.

पण खऱ्या दुखण्याचाही माणूस सोटा करतो. घरात त्या प्रेशरचंच राज्य होतं. दुपारी शिवणयंत्र बंद, का तर खटखटीने प्रेशर वाढतं. वाद हरायला लागला की फोरमनचा हात कपाळावर जायचा. "माझं प्रेशर!" झालं, सगळे चिडीचूप. थोरली मुलगी नवऱ्याचा मार खाऊन परत आली, त्या दिवशीही तो हात कपाळावर गेला होता. "ही उंबरठ्याच्या आत आली, तर मी आडवा होईन!"

आई गप्प बसली. खरंच काही झालं असतं तर लोकांनी तिच्याच तोंडात शेण घातलं असतं. थोरली भाड्याच्या खोलीत राहिली आणि आई भाजी आणायच्या निमित्ताने तिला भेटत राहिली. पोटच्या पोरीला, चोरून! या गोष्टीची चीड आली नाही असा तिचा एक दिवस गेला नाही. तीही तिने गिळलीच.

"डॉक्टर," ती आता म्हणाली, "यापुढे ह्यांना काहीही सांगितलं तरी चालेल ना?"

"खुशाल सांगा, काकू."

"मग तो पट्टा राहू द्या." ती नवऱ्याकडे वळली. "थोरली बाहेर बाकावर बसलीय. सामान घेऊन. आज ती आपल्या घरी येतेय, राहायला."

फोरमनचा हात कपाळाकडे निघाला.

"हात खाली, काका. हलू नका," म्हणत डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. पट्टा आवळला, सैल झाला. एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी.

"एवढं तर जिना चढल्यावरही होतं," त्या म्हणाल्या.

फोरमन आकड्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांची ढाल ऐन वेळी दगा देऊन गेली होती.

"मशीन बिघडलंय," तो गुरगुरला.

"असं? बघू या की." बायकोने त्याच्या दंडावरचा पट्टा खर्रकन ओढून काढला. स्वतःची बाही वर सारली. "लावा डॉक्टर. माझं आजवर कुणी बघितलंच नाही."

आकडा आला. एकशे शहाण्णव, एकशे बारा.

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. "काकू, तुम्ही जागच्या हलू नका," असं म्हणत त्या औषधाच्या कपाटाकडे धावल्या. फोरमनचा रंग उडाला होता.

बायकोने एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग सावकाश आपला हात उचलून कपाळावर ठेवला.

"मशीन ठणठणीत आहे हो," ती म्हणाली. "आता नीट ऐका. थोरली उंबरठ्याच्या आत आली नाही, तर मी आडवी होईन."