व्यत्ययाबद्दल क्षमस्व

"मेल्या, परवाच दुरुस्त केलास ना हा टीव्ही?" लुएलामावशी माझ्यावर कडाडली. बातम्यांत आमच्या काळ्या वकिलाने तोंड उघडलं आणि पडद्यावर पाटी आली: 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व.' मिसिसिपीत आमच्यातलं कुणी बोलायला लागलं की हीच पाटी. टीव्ही ठणठणीत होता. खोड टीव्ही केंद्र चालवणाऱ्या गोऱ्यांची होती. मी माझ्या दुरुस्तीच्या तक्रारवहीत वेळ टिपली. महिनाभर वस्तीतून याच तक्रारी येत होत्या. घरं वेगळी, मिनिट एकच. "उद्या ही वही वॉशिंग्टनला सरकारकडे जातेय, केंद्राचा परवाना काढून घ्या म्हणून. तुझं नाव खोडू का, मावशी? गोऱ्या मालकिणीला कळलं तर स्वयंपाकाचं काम जाईल." तेवढ्यात चित्र परतलं. वकील गायब, साबणाची जाहिरात मात्र झकास. तिने पेन्सिल हिसकावली, नावापुढे पत्ताही लिहिला. "घे. आता यावर लावा म्हणावं पाटी!"