भरलेली बाटली

सुनेने वाटीतलं पाणी बोटाने ओठांना लावलं आणि वाटी परत झाकून ठेवली.

म्हातारीचं लक्ष होतंच. "जपून गं. रात्र काढायचीय त्याच्यावर."

"काढीन की. कमी पाण्यावर राहायची सवय तुम्हीच तर लावलीत, आई."

म्हातारीने तोंड फिरवलं. डायलिसिस सुरू झाल्यापासून सुनेच्या जिभेला धार आली होती. दोन्ही किडन्या गेल्या, आता पाणी मोजून द्या, असं डॉक्टर म्हणाला. वर विचारलं, एवढ्या उकाड्यात दिवसभर पाण्यावाचून राबायचं हे खूळ कुणाचं? घरी येताना म्हातारीने सुनेला बजावलं, तुझ्या पोरीसमोर माझी अब्रू काढू नकोस.

म्हणे खूळ! कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी म्हातारीची हयात गेली. सकाळी घोटभर प्यायचं, मग तांब्या तोंडाला लागायचा तो घरी आल्यावरच. संडास आवाराच्या पार टोकाला, त्याला कडी नाही. मधे उठलं की कपडे तुंबतात आणि मुकादमाचं तोंड सुटतं. टेबल सुनेकडे आलं तेव्हा ही युक्तीही म्हातारीनेच शिकवली. तिचं स्वतःचं काय वाकडं झालं होतं? पण तेव्हा उन्हाळा पाहुण्यासारखा यायचा नि जायचा. आता मेला घरजावई होऊन बसलाय. पत्र्याखाली इस्त्री जास्त तापते की माणूस, कळत नाही.

आज त्या टेबलाशी पहिल्यांदाच नात गेली. सकाळी आई डायलिसिसला दवाखान्यात गेलेली, म्हणून म्हातारीनेच तिच्या पिशवीत मोठी बाटली भरून ठेवली. 'पीत जा' एवढे दोन शब्द मात्र तिच्या तोंडून फुटले नाहीत.

दार ढकलून नात आत आली. तोंड लालबुंद, ओठांना सालपटं, पण ऐट अशी की विचारू नका. तिने बाटली आजीपुढे ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली.

"बघ आजी, एकदाही उठले नाही! मुकादम म्हणाला, शोभतेस खरी तिची नात. अजून नाव काढतात तुझं तिथे."

"अगं, पाणी कशाला दिलं होतं मग?"

"तूच म्हणायचीस ना, बाटली घेऊन बसणारी कामाची कसली? मला वाटलं, परीक्षा बघतेयस माझी."

म्हातारीने घाईघाईने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. कढत झालं होतं. "पी आधी."

"नको गं. तहान मेली आता."

खाटेवर सून उठून बसली. "माझीही पहिल्या दिवशी अशीच मेली होती," ती म्हणाली.

नातीला काही कळलं नाही. ती हसतच पाय धुवायला गेली.

म्हातारी काठोकाठ भरलेला पेला धरून तशीच उभी राहिली. सुनेची नजर त्या पेल्यावरून हलत नव्हती.