समाधानाची नोंद

दर सोमवारी पोलीस ठाण्याचे स्नेहयंत्र दारात येई आणि आर्जवाने विचारी, "कशा आहात, अनुसयामावशी?" अनुसयाबाई उत्तर देत नसत. त्यांच्या मुलाला, रोहिदासला, पोलिसांनी चौकशीसाठी म्हणून नेले, त्याला सात महिने झाले होते. तो परतला नव्हता, म्हणून त्यांनी ठाण्यात तक्रार नोंदवली होती. माणसाच्या चेहऱ्यावरचा आणि आवाजातला विश्वास हे यंत्र मोजते, तो पुरेसा भरला की तक्रार मिटली असे लिहिते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होते. म्हणून अनुसयाबाईंनी आपला चेहरा विझल्या चुलीसारखा थंड ठेवायला शिकून घेतले होते.

त्या सोमवारी यंत्रासोबत एक कोवळी महिला शिपाई होती. वैशाखाच्या उन्हाने तिचे ओठ वाळले होते.

"साहेबांनी पाठवलंय, मावशी. जनसंवाद सप्ताहाचा फोटो काढायचाय," ती ओशाळून म्हणाली आणि उंबऱ्यापाशीच तिला घेरी आली.

काही सुचण्याआधीच अनुसयाबाईंनी माठातून तांब्या भरला, तिला सावरले आणि पाणी ओठांना लावले. "पी गं बाळा, सावकाश. असल्या उन्हात पोरीला पाठवतात, मेले!"

यंत्रावर हिरवा दिवा लागला.

"आभारी आहोत, मावशी. आपला विश्वास नोंदवला आहे. तक्रार निकाली निघाली."

"अरे, त्यांनी नुसतं पाणी दिलं मला!" शिपाई कळवळून म्हणाली. यंत्राने दोघींचा फोटो काढला.

अनुसयाबाईंचा आवाज फाटला. "आणि माझा रोहिदास?"

यंत्राने क्षणभर उरलेल्या तक्रारींत शोध घेतला. मग तितक्याच मायेने विचारले, "कोण रोहिदास, मावशी?"