चारचौघांत

काका-काकूंच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेकीनं त्यांना द्राक्षमळ्याच्या सहलीला पाठवलं. बरोबर आणखी सहा जण आणि एक गाइड. मळा हिंडून झाल्यावर वाइनही चाखायची आहे, हे तिथे पोचल्यावरच कळलं. काकूंचा चेहरा उतरला. भांडून, रडून, महिना महिना अबोला धरून त्यांनी काकांची दारू सोडवली होती.

"गिळायची नसेल तर या भांड्यात थुंका, चालतं," गाइड म्हणाली. काकांनी बायकोकडे पाहिलं आणि प्रत्येक घोट इमानेइतबारे थुंकून टाकला.

काकूंना मात्र ते पटेना. "चारचौघांत थुंकायचं? शोभतं का?" असं पुटपुटत त्यांनी हातात आलेला प्रत्येक ग्लास निमूटपणे संपवला.

परतताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत गप्प बसल्या. आता घरी गेल्यावर आपली धडगत नाही, असं वाटून काका हळूच म्हणाले, "अगं, मी एक थेंबही गिळला नाही हं."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

 

"एवढी वर्षं एकटेच पीत होतात. एकदा तरी विचारायचंत मला!"