डायनासोरची आई

“आणि ही काय करतो?” अजेयने चित्रावर बोट ठेवलं.

“करतो नाही रे, करते. आई आहे ती.” शैलाताईंनी चष्मा सारखा केला.

चित्रात एक भलीथोरली डायनासोर घरट्यावर वाकली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि पिल्लं माना वर करून तिच्याकडे बघत होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही आई लांबून पाला आणते आणि पिल्लांना भरवते. अजेय साडेपाच वर्षांचा. अक्षरं ओळखायचा, पण वाक्य लागायचं नाही. त्यामुळे घरात मोठ्यांनी इंग्रजी पुस्तक बघायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं, अशी पद्धत होती. ती पाडली रुचाने, त्याच्या आईने. कोलकात्यात पोराचं मराठी टिकायला हवं ना. पुस्तकही तिनेच आणलेलं.

“ही पिल्लांना खाते,” शैलाताईंनी वाचलं.

“स्वतःच्या?”

“स्वतःच्याच. आधी टाकून निघून जाते. मग एक दिवस परत येते, गोड गोड बोलते, आ करते आणि गट्ट करून टाकते.”

अजेय आजीच्या कुशीत सरकला. आजीने त्याला थोपटलं.

आता हे काही बरं नव्हे, असं कुणीही म्हणेल. पण शैलाताईंचंही ऐकून घ्या. सून दोन वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेली. तेव्हा तिला ना नोकरी ना डोक्यावर छप्पर, म्हणून पोर इथे बालीगंजला आजीकडेच राहिलं. आता शहराच्या बेहाला भागात एका शाळेत नोकरीला लागली, दोन खोल्या घेतल्या, आणि म्हणे माझा मुलगा मला द्या. असा कसा द्यायचा? नातू तिच्या हाती जाऊ द्यायचा नाही, एवढं शैलाताईंनी ठरवून टाकलं होतं. इमारतीतल्या बायका म्हणत, आजीचा किती जीव आहे बघा.

घटस्फोट झाला तरी पोरासाठी कोर्टात भांडायचं नाही, असं रुचा आणि अजेयचा बाबा सुयश यांचं ठरलं होतं. रुचा म्हणाली होती, “अजेय आपणहून आला तर नेईन. रडणाऱ्या पोराला मी ओढून नेणार नाही. नाही म्हणाला तर पुन्हा मागणार नाही.” त्यासाठी उद्याचा रविवार ठरला होता.

तशी रुचा दर रविवारी भेटायला यायची, आणि गेले काही महिने हे वाचन दर शनिवारी चालायचं. एरवी पुस्तक कपाटावर असे आणि अजेय कामाच्या शकुनमावशीकडे. शैलाताईंना वेळ कुठे होता? सारखे फोन चालत.

सुयश दारात येऊन उभा राहिला. “आई, असं लिहिलंय तिथे?”

“तू तुझी बँक सांभाळ. तुला ती म्हणेल तसं व्हायला हवंय का?”

“तसं नाही, पण…”

“मग गप्प बस.”

तो गप्प बसला. लहानपणापासून तो तेच करत आला होता.

रविवारी रुचा आली ती घामाघूम होऊन. मेट्रो, मग रिक्षा, मग तीन जिने. हातात डबा होता. चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता येत नव्हता. नव्या घरी अजेयच्या पलंगावर डायनासोरची चादर घातलीय, हे तिने दारातच सांगून टाकलं. अजेय आजीचा पदर धरून उभा होता. चादरीचं ऐकून त्याचा हात थोडा सैल झाला.

“काय आणलंयस?” त्याने विचारलं.

“शिरा, तुझ्या आवडीचा. ये रे माझ्या पिल्ला.”

तो दोन पावलं पुढे आला. रुचा गुडघ्यांवर बसली, चमचा भरला आणि त्याच्यावर वाकली. भरवताना सगळ्याच आया करतात तसं तिने आधी स्वतःचंच तोंड उघडलं. “आ कर, आ…”

अजेय किंचाळला. मागे पळताना तो पडला, त्याची चड्डी ओली झाली. “आजी, आई मला खातो! मला खातो!”

रुचाच्या हातातला चमचा तसाच राहिला. “कुणी सांगितलं तुला असं?”

“पुस्तकात लिहिलंय!”

पुस्तक टीपॉयवर होतं. तिने ते उघडलं, चित्र बघितलं, खालची ओळ वाचली. मग शैलाताईंकडे बघितलं. शैलाताईंनीही तिच्याकडे शांतपणे बघितलं.

“भरवते असं लिहिलंय, बाळा. बघ, आई पिल्लांना भरवते.” रुचाचा आवाज फाटला. अजेयने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते. ती एक पाऊल पुढे गेली तसा तो पुन्हा ओरडायला लागला.

ती थांबली. डबा टेबलावर ठेवला. “सुयश, मी शब्द दिलाय. जाते मी. त्याला घाबरवू नका आता.”

जिन्यावरून तिचं रडणं बराच वेळ ऐकू येत होतं. सुयशला ते ऐकवेना, तो दार लावून घ्यायला उठला. शैलाताईंनी अजेयला आंघोळीला शकुनमावशीकडे धाडलं आणि सुयशसाठी स्थळ आणणाऱ्या बाईंना फोन लावला.

“सुलभाताई, मुलीकडच्यांना कळवून टाका, त्यांची अट आम्हाला मान्य आहे. नवी सून घरात येईल तेव्हा मूल इथे नसेल. परवा सुयश त्याला दार्जिलिंगकडच्या वसतिगृहात सोडून येतोय. हो, सुट्टीतसुद्धा ठेवून घेतात तिथे.”

सुयश लावलेल्या दाराशी तसाच उभा होता. “आई, पाठवायचंच होतं, तर रुचाकडे काय वाईट होतं?”

“तिच्याकडे?” शैलाताई म्हणाल्या. “आणि तिचं सुख मी बघत बसू?”