घरच्यापुरता वाफा

"आज पुन्हा!" गोकुळतात्यांनी हातातलं खुरपं मातीत फेकून मारलं.

मेथीची अख्खी ओळ बोडकी झाली होती. हरभऱ्याचे शेंडे गेले होते. सहा वर्षांची स्वरूपा आजोबांच्या शेजारी उकिडवी बसली आणि एक देठ निरखून पाहू लागली.

"सांग, कुणाचं काम?" नातीशी बोलताना तात्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

"सशाचं. देठ तिरका तुटलाय, इळ्यानं कापल्यावानी. शेळी असती तर मुळासकट वढून आलं असतं."

"आन् हे?" त्यांनी हरभऱ्याच्या घाट्यावरचं बारीक भोक दाखवलं.

"आळी!" तिनं घाटा सोलला. हिरवी आळी तिच्या तळहातावर वळवळली. "हलतीया, तात्या."

"हलतीया म्हणजे काय?"

"म्हंजी हितलं खायाचं," स्वरूपा म्हणाली आणि शेजारचा घाटा सोलून तिनं दाणा तोंडात टाकला.

हा धडा तात्यांनीच तिला दिला होता. दोन वर्षांपूर्वी विक्रीच्या भाजीच्या प्लॉटातलं फवारलेलं काहीतरी तिनं तोडून खाल्लं आणि तीन दिवस सलाईनवर काढले. त्यानंतर तात्यांनी घरामागं हे चार वाफे केले. इथं औषधाचा थेंब पडत नसे. स्वरूपाच्या ताटात जायचं ते इथलंच.

ही गोष्ट अंथुर्णे गावात घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. एकरभर प्लॉटातला फ्लॉवर आणि मेथी दर आठवड्याला बारामतीला जायची. आपण विकतो ते आपली नात खात नाही, हे चारचौघांत सांगायचं कसं?

आणि आता हा ससा. शेजारच्या भिमाचा ऊस तुटून गेल्यापासून ससे उघड्यावर आले होते. तात्यांनी बोराटीच्या काट्या लावून पाहिल्या. न्हाव्याकडचे केस आणून कडेनं पसरले. फिनेलमध्ये बुडवलेल्या चिंध्या टांगल्या. परसात उभं राहवत नव्हतं एवढा वास सुटला. ससा मात्र रोज येऊन जेवून जात होता.

तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला भिमा बांधावरून आला. तात्यांच्या प्लॉटातली फवारणी तोच करायचा.

"का वो तात्या, पाव्हणा येऊन गेला वाटतं?"

"दात काढू नको! तुझ्या उसातली पिलावळ हाय ही. तूच पोसली."

"मी काय दाव्याला बांधलं व्हतं व्हय ससं?" भिमा हसला. "पर एक सांगू? लई हुशार जात. एवढा प्लॉट पडलाय, औषधाचा वास आला की तिकडं ढुंकून बघत न्हाय. नेमकं ह्या चार वाफ्यांवर येतंय. हितं काय सोनं पेरलंय का?"

तात्यांचा चेहरा लालभडक झाला. ते ओरडले.

"मला अक्कल शिकवू नको! उद्या ह्यातलं एक पान जरी कमी झालं, तर ह्या बांधावरनं तुझी गाडी जाऊ देणार न्हाय. कसं करायचं ते तू बघ!"

भिमाचं हसू मावळलं. त्याच्या घराला दुसरी वाट नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "न्हाय येणार ससा." आणि तो प्लॉटाकडे वळला.

दुपारी तात्यांनी सुनेच्या जुन्या साड्या वाफ्यांभोवती ताणून बांधल्या. संजीवनी दारातून बघत होती.

"तात्या, माझी लग्नातली तेवढी ठेवा म्हणजे झालं."

"पोरीच्या तोंडातला घास जातोय, आन् तुला साडी सुचतीया!" तात्या तिच्यावरही कडाडले. मग संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगला गेले आणि तिथंही कुणाशीतरी भांडून आले.

सकाळी ते चहाआधीच परसात आले. ओळ न् ओळ पाहिली. एकही पान कमी नव्हतं.

एका कोपऱ्यात साडीची गाठ सैल झाली होती. तिथून सशाची पावलं आत आली होती, हरभऱ्यापर्यंत पोचली होती आणि तशीच माघारी फिरली होती.

"ये स्वरूपा, बघ! आत आलं आन् रंग बघूनच भ्यालं!" पंधरा दिवसांत तात्या पहिल्यांदा हसले.

वाफ्यांशेजारच्या लिंबाच्या फांदीला भिमाचा पंप लटकत होता. "आन् ह्यो भिमा! ह्याला पंप टांगायला हीच जागा गावली?" पुटपुटत त्यांनी तो नेऊन गोठ्यात ठेवला.

बांधावर मोटारसायकल थांबली.

"आला व्हता का ससा?" भिमानं विचारलं.

"येऊन पळालं! पान हलवलं न्हाय! साडी बांधली, साडी!"

"साडी व्हय!" भिमा गालातल्या गालात हसला. "ऱ्हाऊ द्या मग साडी. आमची वाट तेवढी उघडी ठेवा."

"जा, जा. जाऊ दिलं."

गाडी धुरळा उडवत गेली. तात्या वळले. स्वरूपा हरभऱ्यात बसली होती. तिच्या पायांशी सोललेल्या घाट्यांच्या टरफलांचा ढीग पडला होता. दोन्ही गाल दाण्यांनी फुगले होते. तिनं मूठ त्यांच्यापुढं उघडली. आत तीन हिरव्या आळ्या होत्या.

"तात्या, तुमच्या साडीला आळ्याबी भ्याल्या," ती चावत चावत म्हणाली. "एकबी हलंना."